खोलीचं एक मिनिट

१

बुधवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी बाईंचा आवाज लावला, आणि बाई बोलल्याच नाहीत.

फाइल जागेवर होती. नाव तेच, लांबी तीच, चार मिनिटं अकरा सेकंद. मी आवाज वाढवला, हेडफोन बदलले, स्पीकरच्या वायरी उपटून परत खोचल्या. चूक यंत्राची आहे असं ठरवलं की माणसाला तेवढंच बरं वाटतं. मग कपाटातली राखीव डिस्क काढून लावली. तिच्यातही बाई गप्प.

पण ती शांतता कोरी नव्हती. तिसऱ्यांदा नीट ऐकलं तेव्हा ओळख पटली. ती आमचीच रेकॉर्डिंगची खोली होती. छतातून येणाऱ्या गार हवेची घरघर होती, आणि सोमवारी बसवलेल्या नव्या दिव्याची ती बारीक, डोक्यात जाणारी शिट्टीसुद्धा होती. म्हणजे सोमवारनंतर कोणीतरी बाईंचं बोलणं उचललं होतं आणि त्या जागी आमच्याच खोलीची शांतता मोजून भरून ठेवली होती.

बाई कोण, ते आधी सांगायला हवं. चाळीस वर्षं सिनेमात आणि मालिकांत ओठ दुसऱ्या कोणाचे हलत आणि आवाज बाईंचा असे. सुंदर नट्या, रागीट सासवा, एकदा तर एक हत्तीण. लोकांची पत्रं यायची, की आम्ही कादंबरी वाचायला घेतली की त्यातली आई तुमच्याच आवाजात बोलते. पण बाई भाजी आणायला गेल्या तर कोणी ढुंकून बघत नसे, कारण तो चेहरा कोणी पाहिलेलाच नव्हता.

हा त्यांचा पहिला सिनेमा, ज्यात चेहराही त्यांचा आणि आवाजही त्यांचाच. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली एक म्हातारी, आणि शेवटी तिचं फोनवरचं ते चार मिनिटांचं बोलणं. ते आम्ही तीन आठवड्यांपूर्वी स्टुडिओत रेकॉर्ड केलं. त्यानंतर आठव्या दिवशी बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज परत येणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बाईंनी ते माहीत असूनच माइकसमोर उभं राहून ते बोलणं केलं होतं, एका दमात, एकदाच. आता त्या पाटीवर लिहितात. लहान मुलांची असते ना, दांडी ओढली की पुसली जाणारी, तसली.

मी बोंब मारली तशी सगळे धावत आले. सिनेमाचा दिग्दर्शक हा बाईंचा सख्खा भाचा. मी त्याला मनातल्या मनात भाचेबुवा म्हणते. भाचेबुवांनी दोनदा केसांतून हात फिरवला आणि सगळ्यात सोपा मार्ग काढला.

"उद्या दुपारपर्यंत सापडलं तर ठीक. नाहीतर मैनेकडून बोलून घेऊ. शुक्रवारी सगळे आवाज बसवून मिक्सिंग संपायलाच हवं. मावशीचा आवाज ती हुबेहूब काढते, लोकांना फरक कळणार नाही."

दारात चप्पल वाजली. बाई केव्हा आल्या होत्या कोणास ठाऊक. त्यांनी पाटी वर धरली. तिच्यावर दोनच शब्द होते.

"मला कळेल."

२

पोलिसांना बोलवायचं का, असं मी विचारलं. भाचेबुवा म्हणाले, "काय सांगू त्यांना? चार मिनिटं हरवली?"

बाईंनी दांडी ओढून पाटी पुसली. "तपास मी करते."

हसण्यावारी नेण्याची सोय नव्हती. बाईंनी रेडिओवर अकरा वर्षं एका गुप्तहेराच्या बायकोचं काम केलं होतं, आणि त्या श्रुतिकेत सगळं आधी बायकोलाच कळायचं. शिवाय आवाज गेल्यापासून त्यांना एक नवाच फायदा झाला होता. त्या प्रश्न लिहायला वेळ घेत, आणि तेवढ्या वेळात समोरचा माणूस घाबरून तिप्पट बोलून जाई.

कपाटाची किल्ली चहाच्या यंत्राशेजारी खिळ्याला टांगलेली असते. सोमवारपासून स्टुडिओत पाचच माणसं होती. भाचेबुवा, मैना, माझे दाजी, मास्तर आणि मी. "मी तर आवाज जुळवते, मी कशाला चोरीन?" मी म्हटलं.

"तूसुद्धा पाचात," बाईंनी लिहिलं आणि वर माझ्या गालाला चिमटा काढला.

त्यांची पद्धत साधी होती. एकेकाला आत बोलवायचं, हेडफोन द्यायचे, ती चोरून भरलेली शांतता ऐकवायची आणि पाटीवर विचारायचं, "काय ऐकू येतं?" स्वतः यंत्राकडे न बघता ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं.

भाचेबुवांनी बारा सेकंद ऐकलं, त्यातले सात सेकंद मोबाइलमध्ये बघत. "काहीच नाही. तेच तर मी म्हणतोय ना मावशी!"

"तुला मैनेचा आवाज का हवा?"

"मला हवा असं नाही गं. पण सिनेमा थांबला तर तुझा चेहराही कोणाला दिसणार नाही. मला निदान तेवढा तरी वाचवू दे." त्यांचा आवाज एकदम पडला. घाईत असलेला माणूस वाईट असतोच असं नाही, हे मला त्या दिवशी मान्य करावं लागलं.

मग मैना आली. ही आमच्याकडची नव्या दमाची आवाजाची कलाकार, बावीस वर्षांची. बाईंची नक्कल ती चहाच्या सुट्टीत करायची आणि बाई स्वतःच सगळ्यात जास्त हसायच्या. तिने हेडफोन घातले आणि लगेच एका कानावरचा बाजूला केला. "ई! काहीतरी किर्र वाजतंय."

बाईंनी मान डोलावली आणि वाट बघत राहिल्या. मैनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, मी ते बोलणार नाही. तुम्ही समोर बसलेल्या असताना तुमचा आवाज काढायचा ही गंमत झाली. तुमच्या तोंडात तो घालायचा म्हणजे…" बाईंनी तिला डोळे पुसायला आपला पदर दिला.

तिसरे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचा धंदा पावलांचा. पडद्यावर कोणी चाललं, दार लोटलं, कपडे झटकले की ते आवाज दाजी खोलीत उभे राहून करतात. वाळू, फरशी, जुने बूट, नारळाच्या करवंट्या असा त्यांचा संसार. बहीण म्हणते, घरात मात्र त्यांचा आवाज फक्त जेवतानाच येतो.

दाजींनी पूर्ण चार मिनिटं अकरा सेकंद ऐकलं. "ही आपली खोली. अन् हा तो नवा दिवा. मेहुणीबाई, परवापासून सांगतोय ना, काढा तो?"

खरं होतं. आम्ही दोघं काम करताना तो दिवा आधी बंद करायचो आणि जुना टेबललॅम्प लावायचो. इलेक्ट्रिशियनला निरोपही गेला होता.

पण दाजी बोलताना पायाने काहीतरी खुर्चीखाली सरकवत होते. बाईंची नजर खाली गेली. कापडी पिशवी होती, गच्च गाठ मारलेली.

"पिशवीत काय?"

दाजींचा चेहरा पांढरा पडला. "ते… ते घरचं सामान आहे."

घरचं सामान कोणी इतकं घट्ट बांधत नाही. मी पुढे झाले आणि गाठ सोडली.

३

आत चपला होत्या. बायकांच्या, जुन्या, उजवीचा अंगठा शिवून घेतलेला.

बाईंनी त्या उचलल्या, उलटसुलट केल्या, आणि पाटीवर रागाने लिहिलं, "पंधरा दिवस शोधतेय मी या!"

"चुकलं माझं," दाजी कान धरून म्हणाले. "सिनेमात तुम्ही घरभर चालता ना, ती पावलं मला करायची होती. दहा जोड घालून बघितले. बाई चालताहेत असं वाटेना. तुम्ही उजवा पाय जरा घासता. तो आवाज या चपलेतच आहे. मागितल्या असत्या तर तुम्ही नव्या कोऱ्या आणून दिल्या असत्या."

बाई हसल्या की आता नुसते खांदे हलतात. ते बराच वेळ हलत होते. एक चोर सापडला होता, पण आपल्याला हवा तो नव्हे.

शेवटी मास्तर आले. मास्तर म्हणजे स्टुडिओचे मुख्य ध्वनिमुद्रक. मला हे काम त्यांनी शिकवलं, दाजींना त्यांनी शिकवलं, आणि बाईंचं पहिलं वाक्यही चाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच रेकॉर्ड केलं. त्यांची एक शिस्त आहे. कोणाचंही बोलणं घेऊन झालं की ते हात वर करतात, "खोलीचं एक मिनिट!" मग सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज एक मिनिट रेकॉर्ड करायचा. दोन वाक्यांच्या मध्ये भरायला तो लागतो. तिथे कोरी पोकळी सोडली तर प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण तो दचकतो. मास्तर म्हणतात, मनाला त्या क्षणी वाटतं की जग बंद पडलं. जुनी सगळी मिनिटं त्यांनी खोक्यांत जपून ठेवली आहेत. चाळीस वर्षांच्या शांतता, तारीखवार.

मास्तरांच्या कानांवर आमची श्रद्धा आहे. गेल्या मालिकेच्या वेळी 'स' आणि 'श' कानाला टोचतात अशा तक्रारी आल्या, तेव्हा आम्ही सगळं खापर वाहिनीवर फोडून मोकळे झालो.

त्यांनी हेडफोन घातले, डोळे मिटले आणि शेवटपर्यंत ऐकलं. "खोली आहे. आपलीच. हवेची घरघर, बाकी काही नाही. स्वच्छ आहे."

"कोणी घेतलं असेल?" बाईंनी विचारलं.

"सांगता यायचं नाही. पण बाई, ज्यानं घेतलं असेल त्यानं ते फेकून दिलं नसेल. तुमचं ते बोलणं कोणाच्या हातानं टाकवेल?" ते बोलत असतानाच त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बारीक पीं-पीं करून वाजायला लागलं. चारचा गजर, त्यांच्या गोळीचा. मास्तर आपले बोलतच होते. मी सवयीने हात लांब करून तो बंद केला. महिनाभर हेच चाललं होतं. बोलण्यात रंगले की त्यांना भान नसतं.

मास्तर गेले. बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग वळून लिहायला लागल्या.

"मैनेने कान का बाजूला केला?"

"दिव्याच्या शिट्टीमुळे."

"कसली शिट्टी?"

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावले, आवाज वाढवला. माझ्याच कानात सुई गेल्यासारखं झालं. बाई शांत उभ्या. त्यांनी मान हलवली, नाही.

एवढी कर्कश शिट्टी, आणि बाईंना ऐकू येत नव्हती!

४

गुरुवारी सकाळी नऊ वाजता बाईंनी मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहा तयार होता आणि पाटीच्या जोडीला एक जाड वहीही होती, म्हणजे आज लांबलचक काही होतं. दुपारी बारा वाजता मैना माइकसमोर उभी राहणार होती.

वहीत त्यांनी आधीच एक प्रश्न लिहून ठेवला होता. "तू चोर असतीस तर काय केलं असतंस?"

"फाइल पुसून टाकली असती."

"आणि तिथे भोक राहिलं असतं."

"राहिलं असतं. पण मग मी…" मी थांबले. माझ्या हाताला ते जमलं नसतं. दोन वाक्यांच्या मध्ये अर्ध्या सेकंदाची पोकळी दिसली तरी माझी बोटं आपोआप तिच्यात खोलीचा आवाज भरतात. दाराला कडी लावल्यासारखी सवय झाली आहे.

बाईंनी लिहिलं. "माझ्या भाच्याला शांतता म्हणजे काहीच नाही. तो म्हणालासुद्धा तसं. मैनेला बोलायचं कळतं, यंत्र कळत नाही. इथे शांतता मोजून भरली आहे, दोन्ही टोकं हलकी करून जोडली आहेत. चोरी करतानाही ज्याला भोक ठेववेना, तो तुमच्या धंद्यातला."

"म्हणजे दाजी, मास्तर, नाहीतर मी."

"आता ती शिट्टी. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझे कान तपासले. वरचे सूर गेलेत म्हणाले, वयाने जातात. तेव्हापासून मला काय ऐकू येत नाही ते मी लोकांच्या तोंडांवर बघते. काल मैनेच्या तोंडावर काहीतरी होतं. तुझ्या दाजींच्या तोंडावर होतं. तुझ्याही."

मी कप खाली ठेवला. पुढचं मला दिसायला लागलं होतं आणि बघायचं नव्हतं.

दाजी आणि मी तो दिवा लावून शिंकसुद्धा रेकॉर्ड केली नसती. आम्ही दोघं शांतता घेताना तो आधी बंद केला असता. ज्याने ती चार मिनिटं घेतली तो धंद्यातला होता, आणि त्याला ती शिट्टी ऐकूच येत नव्हती. मास्तरांना दिव्याबद्दल आम्ही सांगितलंही नव्हतं. त्यांना काय सांगायचं, त्यांना तर सगळ्यांच्या आधी ऐकू येतं, असं धरून चाललो होतो.

"स्वच्छ आहे," असं ते म्हणाले होते. आणि ते घड्याळ. महिनाभर मी त्यांच्या मनगटावरचा गजर बंद करत होते आणि त्याला तंद्री म्हणत होते. आणि ते टोचणारे 'स'. वाहिनी बिचारी फुकट शिव्या खात होती.

"नाही हो बाई," मी म्हटलं. मला रडूच आलं. "मास्तर तुमचं वाईट करणार नाहीत. का करतील?"

बाईंनी पाटी पुसली.

"तेच मला कळत नाही. चल, त्यांनाच विचारू."

५

मास्तर रेकॉर्डिंगच्या खोलीत एकटेच होते, माइकची उंची मैनेसाठी कमी करत. नवा दिवा चालू होता. दार लावून घेतलं तशी ती शिट्टी माझ्या डोक्यात शिरली. साडेदहा वाजले होते.

बाई त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या. मग पाटी त्यांच्याकडे केली.

"मास्तर, दिवा शिट्टी मारतोय."

मास्तरांनी दिव्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान डोलावली. ते दिव्याच्या अगदी जवळ गेले, मान तिरकी करून कान लावला, आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या हातातला माइकचा स्क्रू खाली पडला.

"कालच्या त्या शांततेत पण आहे?"

"आहे," मी म्हटलं. "पहिल्यापासून शेवटपर्यंत."

ते खुर्चीवर बसले आणि एकाएकी म्हातारे दिसायला लागले. "म्हणजे सगळ्यांना ऐकू येत होतं. अन् मी स्वच्छ आहे म्हणालो." त्यांनी चष्मा काढला. "बाई, मी घेतलं. मंगळवारी सकाळी, ही यायच्या आधी."

बाईंनी नुसती मान हलवली, पुढे बोला.

"त्या मालिकेत 'स' टोचतात म्हणाले ना लोक. ते मीच वाढवले होते, कारण मला ते येतच नव्हते. मग गुपचूप कान तपासून आलो. डॉक्टर म्हणाले, यंत्रं लावा, दहा दिवसांत तयार होतील. अन् इकडे शुक्रवारी तुमचं मिक्सिंग." त्यांनी चष्मा शर्टाला पुसला. "चाळीस वर्षं तुमचा आवाज या हातांनी सांभाळला. शेवटचा तेवढा बहिऱ्या कानांनी बिघडवायचा? तो काही परत घेता येणार आहे? म्हटलं, हरवला तर शोधाशोध होईल, काम आठ-दहा दिवस पुढे जाईल, तोवर यंत्रं येतील. हा पोरगा त्याच दिवशी दुसरीला उभी करेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मग परत का नाही ठेवलंत?" मी विचारलं. मला राग यायला हवा होता, पण तो काही येईना.

"परत ठेवायचं म्हणजे मिक्सिंगला मीच बसायचं. नाही बसायचं म्हटलं तर का ते सांगायचं. रात्रभर तेच डोक्यात." त्यांनी नाक पुसलं. "भोक ठेववेना म्हणून खोली भरली. तुमच्या त्या दिवशीचं मिनिट होतं माझ्याकडे. पण त्यात तुमचा श्वास आहे. तो असा लबाडीत वापरायला मन होईना. म्हणून नवीन घेतलं."

आणि त्या नव्यामुळेच ते सापडले होते. बाईंचा श्वास वापरला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं.

बाई लिहीत होत्या. हळूहळू, नीट अक्षरात.

"माझा गळा गेला ते मी सगळ्यांना पाटीवर लिहून सांगितलं. तुम्ही कान का लपवता?"

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग उठले, मागच्या कपाटातून त्या जुन्या शांततांच्या खोक्यांपैकी एक काढलं आणि त्यातून एक लहानशी डिस्क बाईंच्या ओंजळीत ठेवली. जिथे कोणी कधी काही ऐकायला जात नाही, तिथे ती ठेवलेली होती. वर त्यांच्या बारीक अक्षरात चिठ्ठी होती, "बाई. हात लावू नये."

बाहेर पावलं वाजली. दार उघडलं. भाचेबुवा, मैना आणि मागे दाजी. भाचेबुवांनी डिस्क बघितली.

"सापडली? कोणी घेतली होती?"

बाई पाटीवर झरझर लिहायला लागल्या, "ते विचारू…" पण मास्तरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मी," ते म्हणाले. "मला वरचे आवाज ऐकू येत नाहीत रे. बस, सांगतो."

६

भाचेबुवा ऐकताना लाल झाले, पांढरे झाले, आणि शेवटी म्हणाले, "मास्तर, पण मग उद्याचं मिक्सिंग करणार कोण?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाईंचा शेवटचा आवाज, आणि मी? मी मास्तरांकडे बघितलं.

"वरचं मी ऐकते," मी म्हटलं. "बाकीचं सगळं तुम्ही."

आणि तसंच झालं. शुक्रवारी सकाळी आठ वाजता आम्ही शेजारी शेजारी बसलो, हात त्यांचे, अर्धे कान माझे. "इथं 'स' कसा आहे?" ते विचारायचे. "जरा खाली घ्या," मी सांगायचे. गेली नऊ वर्षं ते मला सांगत होते, आता मी त्यांना सांगत होते, आणि दोघांनाही ते अवघड गेलं नाही याचंच नवल वाटलं. संगीत कुठे थांबवायचं हे मात्र त्यांनीच ठरवलं. बाई बोलायला लागण्याआधी दहा सेकंद त्यांनी सगळं काढून घेतलं, फक्त दाजींची ती उजवा पाय घासणारी पावलं ठेवली. भाचेबुवा मागच्या कोचावर बसून उघड उघड रडत होते. मैनेला त्यांनी आधीच दुसऱ्या सिनेमात घेतलं होतं, तिच्या स्वतःच्या आवाजासाठी आणि चेहऱ्यासकट.

दहा दिवसांनी मास्तर कानांत दोन इवलीशी यंत्रं घालून स्टुडिओत आले. रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार उघडलं, आणि तिथेच थबकले.

"अरे देवा! हा तर खरंच शिट्टी मारतो! तुम्ही सगळे हे सहन कसं करत होता? काढा तो आधी!" आणि स्वतःच स्टुलावर चढून त्यांनी तो दिवा काढला. इलेक्ट्रिशियन दुसऱ्या दिवशी आला.

सिनेमाचा पहिला खेळ त्यानंतरच्या रविवारी दुपारी होता. आम्ही एका रांगेत बसलो. मास्तर, बाई, मी, दाजी, बहीण, मैना, भाचेबुवा. बाईंच्या पायांत त्या जुन्या चपला होत्या, हट्टाने घातलेल्या.

पडद्यावरची म्हातारी घरभर चालली. फोनशी बसली. केव्हाच बंद झालेला एक नंबर फिरवला आणि बोलायला लागली. बाईंचा चेहरा, आणि बाईंचाच आवाज. माझ्या शेजारी त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. चार मिनिटं अकरा सेकंद. शेवटचं वाक्य आलं, "लाइन बंद करू नका. मी अजून बोलतेय."

मग पडदा काळा झाला. टाळ्या येतील म्हणून मी वाट बघत होते. टाळ्या आल्या नाहीत. कोणी खोकलंही नाही. भरलेलं थिएटर नुसतं बसून होतं, पुढच्या रांगेतले एक आजोबा चष्मा पुसता पुसता थांबले होते.

दाराच्या वरच्या लाल दिव्याच्या उजेडात बाईंनी पाटी तिरकी धरली आणि मास्तरांना दाखवली.

"खोलीचं मिनिट घेतलंत का?"

मास्तरांनी शर्टाच्या खिशातून लहानसा रेकॉर्डर अर्धा वर काढला. त्याच्यावरचा लाल ठिपका चालू होता. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आम्ही सगळे पुतळ्यासारखे बसून राहिलो. ऑपरेशन झाल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदाच बाई स्वतःच्या मर्जीने गप्प होत्या.